एक्केचाळीस वेळा कैलासवासी

रोहिणखेडचे सेवानिवृत्त मुख्याध्यापक माणिकराव चोपडे यांनी एकाच माणसानं वाचावं म्हणून तीनशे बारा पानांचं आत्मचरित्र लिहिलं, आणि त्या माणसाला मी छापून मारलं. तो माणूस म्हणजे त्यांचे थोरले भाऊ भगवानराव. दोघांत सव्वीस वर्षं अबोला. तोंडानं बोलायची सोय उरली नाही, म्हणून पुस्तकातून बोलावं असा माणिकरावांचा बेत होता. तो त्यांनी मला सांगितला नव्हता. सांगितला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, हे आधीच नोंदवून ठेवतो. कारण चूक माझी असली तरी सगळी माझी नाही.

माझं नाव नागसेन. धामणगाव बढ्यात बसस्टँडच्या मागं माझं दुकान आहे. पाटीवर ‘लग्नपत्रिका, तेरवी पत्रिका, बिलबुके, पुस्तके’ असं लिहिलंय. पुस्तकं शेवटी आहेत, कारण लग्न आणि मरण कुणाला चुकत नाही. पुस्तक चुकवता येतं. तरीही आमच्या मोताळा तालुक्यातला मास्तर निवृत्त झाला की एक वर्ष शेत पाहतो, दुसऱ्या वर्षी गुडघे धरतो आणि तिसऱ्या वर्षी वह्यांची पिशवी घेऊन माझ्या दुकानात येतो. आजवर सत्तावीस पुस्तकं मी केली. केली म्हणजे लिहिली नाहीत. पण लेखकांनीच लिहिली असंही म्हणवत नाही.

त्या सत्तावीसपैकी चोवीस पुस्तकं ‘माझा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला’ या वाक्यानं सुरू होत होती. मी ते वाक्य काढतो. लेखक रडकुंडीला येतो. मी म्हणतो, गुरुजी, जन्म झाला हे लोकांना कळलंय, तुम्ही समोर बसलेले आहात. मग पहिलं प्रकरण निम्मं होतं. त्यानंतर सत्काराचे फोटो, कुठल्या साहेबांनी पाठीवर थाप मारली ती यादी, आणि शेवटी स्वतःच्या कविता. या सगळ्यातून एखादं माणूस जिवंत बाहेर काढायचं, याला मी संपादन म्हणतो. माझी बायको छाया याला कापाकापी म्हणते.

छाया मुद्रितं तपासायला माझ्याबरोबर बसते. ती वही मोठ्यानं वाचते, मी छापलेल्या कागदावर बोट फिरवतो. गेली वीस वर्षं हीच रीत. तिच्या आवाजात इतकी आत्मचरित्रं ऐकलीत की आता मला तालुक्यातले सगळे मुख्याध्यापक एकाच बाईच्या आवाजात बोलतात असं वाटतं.

माझा एक नियम आहे, आणि या गोष्टीतलं सगळं त्या नियमावर उभं आहे. छापील कागदावर कुणाचंही नाव नागडं ठेवायचं नाही. हे मी पत्रिकांवरून शिकलो. लग्नपत्रिकेत एका मामाच्या नावामागं ‘श्री.’ राहून गेलं तर तो मामा मांडवात येत नाही, आला तर जेवत नाही आणि जेवला तर ते पुढची दहा वर्षं सांगत राहतो. म्हणून श्री., सौ., श्रीमती, चि., ह. भ. प., सगळं जिथल्या तिथं. आमच्या बौद्ध घरांत आयुष्मान आणि आयुष्मती. गेलेल्यांचंही तसंच: हिंदूंच्या पत्रिकेत कै., आमच्या पत्रिकेत कालकथित, मुसलमानांच्या कार्डात मरहूम. माणूस गेला तरी त्याचं बिरूद चुकवून चालत नाही. किंबहुना गेलेल्याचं चुकलं तर जास्त भांडणं होतात.

माणिकरावांच्या पुस्तकात दोनशे चौदा नावं होती. सगळी नागडी. मास्तरांनी मुलांची हजेरी घ्यावी तशी.

पुस्तकाचं नाव ‘खडू आणि ढेकूळ’. पहिली सहा प्रकरणं सत्तावीस पुस्तकांसारखीच. पण सातवं प्रकरण छाया वाचायला लागली आणि दुसऱ्या पानावर थांबली. मला वाटलं अक्षर लागत नाही. ती म्हणाली, “नाही, लागते. पण जरा थांबा.” आणि पाणी पिऊन आली.

सातव्या प्रकरणाचं नाव ‘दादा’. दादा म्हणजे भगवानराव, माणिकरावांहून आठ वर्षांनी मोठे. ते सातवीतून शाळा सोडून नांगरामागं गेले आणि धाकट्याला शिकवलं, एवढं तर सगळ्याच पुस्तकांत असतं. पण इथं एक परीक्षा होती. दादानं माणिकला सायकलच्या दांडीवर बसवून मोताळ्याला नेलं, तीन तास शाळेबाहेर उन्हात उभा राहिला, आणि पोरगा बाहेर आल्यावर पेपर कसा गेला ते विचारलंच नाही. विचारलं, “पेन आनला काय वापस?” पेन सरपंचाच्या पोराचा होता. परतीच्या वाटेवर दादानं तीन वेळा सायकल थांबवून पेन खिशात आहे का ते चाचपून पाहिलं. असलं लिहिता येणारा माणूस पहिली सहा प्रकरणं तशी का लिहितो, हे मला आजवर कळलेलं नाही.

आणि एवढ्या प्रकरणाचा शेवट तीन वाक्यांत: ‘१९९८ साली दादाने धुऱ्यावरची बाभूळ तोडली. ती माझ्या हद्दीत होती. त्यानंतर आमचे बोलणे राहिले नाही.’

तीनशे बारा पानांत विशेषण नसलेली तेवढीच तीन वाक्यं. मला शंका आली. माणिकराव शाळेच्या घंटेलासुद्धा ‘मंगलमय’ म्हणणारे, आणि सख्ख्या भावाशी शेताच्या बांधावरून झालेलं भांडण असं उरकतात? मी समासात पेन्सिलीनं लिहिलं, ‘इथे काहीतरी राहिले आहे.’ चांगला संपादक याहून जास्त काही लिहीत नाही.

मग नावांना बिरुदं लावायला बसलो. भगवानरावांच्या नावाशी अडलो. पुस्तकात ते १९९८ नंतर कुठंच नाहीत. श्री. लावावं की कै.?

“माणिकरावांले फोन करून इचारा,” छाया म्हणाली.

“काय इचारू? तुमचा भाऊ हाय का गेला?”

“मंग दुसरं काय इचारता?”

असं विचारता येत नाही. या धंद्यात तर नाहीच. मी माझ्या पद्धतीनं गेलो. माझ्या संगणकात २००१ पासूनची प्रत्येक पत्रिका आहे. तालुक्यात कोण कुणाचा कोण आणि कोण राहिलं, कोण गेलं, हे तलाठ्यापेक्षा मला लवकर कळतं. माणिकरावांच्या मुलाची, रवीची लग्नपत्रिका काढली. निमंत्रकांत भगवानराव नाहीत. अबोला असेल तर नसतीलच, यावरून काही सिद्ध होत नाही. मग २००४ ची माणिकरावांच्या आईच्या तेरवीची पत्रिका काढली. खाली ‘शोकाकुल’ म्हणून एकोणीस नावं. चुलते, चुलतभाऊ, पुतणे, जावई, भाचे, अगदी शेजारी. भगवानराव नाहीत.

मी पत्रिका छायासमोर धरली. म्हटलं, भावाभावांत कितीही वाकडं असो, आईच्या तेरवीच्या पत्रिकेत थोरल्या मुलाचं नाव नाही, याचा अर्थ एकच होतो. तो आईच्या आधी गेला.

“पण गेला असता त कै. म्हणून कुठीतरी असता,” ती म्हणाली.

“शोक करनाऱ्यांच्या यादीत कै. कसा राहीन?”

तिनं फक्त “इचारून घेतलं असतं त काही झिजलं नसतं” असं म्हटलं आणि आत गेली. मी भगवानरावांच्या नावामागं कै. लावलं. पुस्तकभर एक्केचाळीस ठिकाणी.

पहिलं मुद्रित माणिकराव घेऊन गेले. ते एरवी चौथ्या दिवशी परत येणारे गृहस्थ. यावेळी सतरा दिवसांनी आले. डोक्याचा चकोट केलेला, मिश्या काढलेल्या. मी म्हटलं, “गुरुजी, हे काय?”

“ऊन,” ते म्हणाले.

मार्च महिना होता. ऊन होतं. मी पुढं विचारलं नाही.

इतर प्रकरणांत त्यांनी नेहमीसारखी काढलेली विशेषणं परत घातली होती. सातव्या प्रकरणातल्या कै. ला कुठंही हात लावला नव्हता. उलट अर्पणपत्रिकेचं पान, जे त्यांनी ‘नंतर देतो’ म्हणून कोरं ठेवलं होतं, त्यावर आता लिहिलं होतं: ‘कै. दादांच्या स्मृतीस’. मी ते छायाला दाखवलं. न बोलता दाखवलं. बरोबर ठरलेला माणूस बोलत नसतो.

आणि माझ्या पेन्सिलीच्या प्रश्नाखाली, समासात न मावल्यामुळं वेगळा कागद टाचून, उत्तर आलं होतं. शेवटची तीन वाक्यं खोडून तिथं असं लिहिलं होतं: ‘धुऱ्याचा दगड बाभळीच्या अलीकडे होता. बाभूळ दादांची होती. पंच यायच्या आदल्या संध्याकाळी मी तो दगड उकरून बाभळीच्या पलीकडे रोवला, आणि दुसऱ्या दिवशी पंचांसमोर दादांना चोर म्हटले. दादा काही बोलले नाहीत. ते सासुरवाडीला सोनाळ्यास निघून गेले. मुलांना मी तीस वर्षे खरे बोलायला शिकवले. हे दादांना सांगायचे राहून गेले.’

मी एक अक्षर बदललं नाही. संपादक म्हणून मला अभिमान वाटला. एका पेन्सिलीच्या ओळीनं माणसाकडून खरं काढलं, असं मी छायाला दोनदा म्हणालो.

पेन्सिलीनं काढलं नव्हतं. कै. नं काढलं होतं. काय झालं होतं ते मला फार उशिरा कळलं. घरी जाऊन माणिकरावांनी मुद्रित उघडलं, भावाच्या नावामागं कै. पाहिलं, आणि त्यांना वाटलं, दादा गेला. सोनाळ्याकडून निरोप यायचा प्रश्नच नव्हता; रोहिणखेडात तर भगवानरावांचं नाव त्यांच्यापुढं कुणी काढत नसे. पण पत्रिका छापणाऱ्या माणसानं कै. लावलं, म्हणजे तेरवीची पत्रिका त्यानंच छापली असणार. आपल्याला ती आली नाही, हेही त्यांना रास्तच वाटलं. मला येऊन विचारावं, तर आपला सख्खा भाऊ कधी गेला हे छापखानेवाल्याला विचारायची लाज वाटली. मी त्यांना विचारलं नाही, त्यांनी मला विचारलं नाही. दोघांनी एकमेकांवरून खात्री करून घेतली.

मे महिन्यात पाचशे प्रती मलकापूरहून छापून, बांधून आल्या. प्रकाशन रविवारी रोहिणखेडच्या मंगल कार्यालयात ठरलं होतं. गुरुवारी दुपारी चार वाजता माणिकराव प्रती न्यायला येणार होते. प्रतींचे गठ्ठे खाकी कागदात बांधून मी दुकानात भिंतीशी लावून ठेवले.

गुरुवारी तीनच्या सुमाराला एक उंच, वाळका म्हातारा आला. पांढरं धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. खुर्चीवर पत्रिकांचे नमुने पडले होते म्हणून तो सरळ एका गठ्ठ्यावर बसला. मी म्हटलं पुस्तकं आहेत, सांभाळून. तो म्हणाला, “मजबूत हायेत.”

नातीच्या लग्नाची पत्रिका छापायची होती. मी विचारलं, “गाव कोनतं?”

“सोनाळा. तीन एसट्या बदलून आलो.”

“सोनाळ्याहून इथी? तिकडं छापखाने नाहीत काय?”

“हायेत. पन माह्या भावाच्या घरचे सगळे नावं तुमच्यापाशी असतीन. त्याच्या पोराची पत्रिका तुम्हीच छापली होती म्हने. मले त्याले निमंत्रकात टाकाचं हाय. घरात कोन कोन हाय, कोन नाही, मले काही मालूम नाही. आमचं बोलनं नाही.”

“त्याहिले इचारलं काय, निमंत्रकात टाकू म्हनून?”

“इचाराले बोला लागते ना. छापून टाकतो. मंग पाहू काय करते त.”

अशी गिऱ्हाइकं मी पाहिलीत. मी पान उघडलं, बोटं कीबोर्डवर ठेवली. “निमंत्रक. पह्यले तुमचं नाव सांगा.”

“भगवानराव संपत चोपडे.”

मी टाइप केलं. म्हाताऱ्यानं मान पुढं करून पडद्याकडं पाहिलं आणि म्हणाला, “ते माह्या नावापुढं काय लिहिलं?”

एक्केचाळीस वेळा टाइप केल्यावर बोटांना सवय लागते. पडद्यावर ‘कै. भगवानराव संपत चोपडे’ असं आलं होतं. मी म्हणालो, चुकून पडलं. आतल्या खोलीत छाया पाकिटं दुमडत होती. तो आवाज बंद झाला. ती दारात येऊन उभी राहिली. ‘मी म्हटलं होतं’ हे तिनं म्हटलं नाही. आमच्या संसारात तिनं ते कधीच म्हटलेलं नाही, फक्त दारात येऊन उभी राहते.

साडेतीन वाजले होते. माणिकराव चारला येणार होते. भगवानरावांना चहाच्या निमित्तानं बसस्टँडवर न्यावं आणि परस्पर एसटीत बसवून द्यावं, असं माझ्या मनात आलं, हे मी लपवत नाही. पण मग पाचशे प्रती, रविवारचं प्रकाशन, आणि पंधरा दिवसांनी मेलेल्या माणसाच्या नावानं वाटलेली लग्नपत्रिका.

“भगवानराव,” मी म्हणालो, “जरा उठा.”

ते उठले. मी त्यांच्या खालचा गठ्ठा सोडला, एक प्रत काढली, सातवं प्रकरण उघडून त्यांच्या हातात दिली आणि जे केलं होतं ते सगळं सांगितलं. आईच्या तेरवीच्या पत्रिकेपासून.

“आईची तेरवी म्या सोनाळ्याले अलग केली होती,” ते एवढंच म्हणाले. मग पिशवीतून चष्मा काढला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागले.

चौदा पानं वाचायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली. पेनाच्या ठिकाणी ते नाकातून हसले. शेवटचं पान त्यांनी दोनदा वाचलं. मग पुस्तक मिटलं आणि मांडीवर ठेवलं.

“लिहिलं म्हना त्यानं,” ते म्हणाले.

मी म्हणालो, “बाबा, माह्या हातून मोठी चूक झाली. मी शुद्धिपत्र छापतो. छोटी चिठ्ठी राहते, परतेक प्रतीत चिकटवतो. ‘कै. च्या जागी श्री. वाचावे.’”

“काही चिकटवू नका.”

“पन तुम्ही जिते हायेत.”

“म्हनूनच. मी जिता हाय हे त्याले मालूम असतं, त त्यानं हे लिहिलं असतं काय? जित्त्या मानसापुढं माणिक खरं बोलत नाही. लहानपनापासून.”

तेवढ्यात माणिकराव आले. डोक्यावर बोटभर केस उगवले होते. दारात चप्पल काढताना त्यांची नजर आत गेली आणि एक चप्पल पायातच राहिली. चौकट धरून ते माझ्याकडं बघत म्हणाले, “नागसेनभाऊ, हे कोन हाय?”

“कैलासवासी,” भगवानराव म्हणाले.

माणिकराव उंबऱ्यावरच बसले. छायानं पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. भगवानरावांनी विचारलं, “केसं काऊन काढले बे?”

“तेरवी केली तुही.”

“कुठी?”

“घरीच. कोकिळेले सांगतलं, ऊन होते म्हनून.”

“जेवाले कोन होतं?”

“मी.”

कोकिळा म्हणजे माणिकरावांची बायको. तिलाही त्यांनी सांगितलं नव्हतं. तेरा दिवस एका माणसानं एकट्यानं सुतक पाळलं होतं, माझ्या एका अक्षराच्या आणि एका टिंबाच्या भरवशावर. मी आयुष्यात पुष्कळ चुका छापल्या आहेत. एकीनंही मला रडू आलं नव्हतं. त्या दिवशी आलं. मी प्रिंटरचा कागद नीट करत पाठ फिरवून उभा राहिलो.

आता गळाभेट होणार, असं मला वाटलं. माणिकराव उठले, भावाजवळ गेले आणि त्यांच्या मांडीवरचं पुस्तक ओढायला लागले.

“वाचलं काय तू?”

“हाव.”

“शेवटलं पान?”

“हाव.”

“नागसेनभाऊ, पुस्तक निघत नाही. गठ्ठे बांधून ठेवा. ते म्या मेलेल्या मानसासाठी लिहिलं होतं.”

“सोड,” भगवानराव म्हणाले. “फाटीन.”

सव्वीस वर्षांनी भेटलेले दोन भाऊ, एक अठ्ठ्याहत्तरचा, एक सत्तरचा, माझ्या दुकानात एका प्रतीची ओढाताण करत होते. मी मधे पडलो आणि संपादकानं जे करायचं ते केलं, म्हणजे पर्याय ठेवले. शुद्धिपत्रात कै. काढू, दगडाचा परिच्छेद तसाच राहील. माणिकराव म्हणाले, मग त्याच शुद्धिपत्रात ‘शेवटचा परिच्छेद वगळून वाचावा’ असंही छापा. भगवानराव म्हणाले, परिच्छेद वगळला तर मी रविवारी मंगल कार्यालयात येऊन बोंबलेन. माणिकराव म्हणाले, एक तर दोन्ही राहतील, नाहीतर दोन्ही जातील. तू जिवंत आणि दगडही, असं मला झेपणार नाही.

“मंग दोन्ही राहू दे,” भगवानराव म्हणाले. “मी मेलेला बरा हाय त्याच्यात. बाभूळ त माही राह्यली.”

माझ्या धंद्यात मी असा निर्णय कधी घेऊ दिला नसता. पण ज्याला मारलं त्याचंच म्हणणं पडलं. पुस्तक जसंच्या तसं गेलं. पत्रिकेत ‘निमंत्रक: श्री. माणिकराव संपत चोपडे’ असं मी टाकलं आणि दोघांना दाखवून, दोघांच्या सह्या घेऊन मगच छापलं. माणिकरावांनी सही केली, पण भावाकडं पाहिलं नाही. दगडाविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. एकानं लिहिलं होतं, दुसऱ्यानं वाचलं होतं, आणि दोघंही त्यावर बोलायला तयार नव्हते. पुस्तकं घेऊन माणिकराव रोहिणखेडला गेले, भगवानराव मोताळ्याच्या एसटीत बसले. मला वाटलं, एवढ्यावरच राहणार हे.

रविवारी कार्यालय भरलं होतं. भगवानराव पहिल्या रांगेत, पांढरा शर्ट, नवी टोपी. रोहिणखेडच्या लोकांनी त्यांना ओळखलं, बसायला जागा दिली, पाणी दिलं आणि प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याला काहीतरी माहीत असेल. प्रमुख पाहुणे बुलढाण्याहून आले होते, एक निवृत्त शिक्षणाधिकारी. पुस्तक त्यांनी गाडीत येताना चाळलं होतं. ते भावनाप्रधान निघाले. लेखकाच्या दिवंगत बंधूंना आदरांजली म्हणून आपण सर्वांनी दोन मिनिटं उभं राहावं, असं त्यांनी सांगितलं.

पाहुण्यांना चूक म्हणायची आमच्याकडं पद्धत नाही. सगळे उभे राहिले. भगवानरावही उभे राहिले, टोपी काढून, मान खाली घालून. छाया माझ्या शेजारी होती; तिनं पदर तोंडात धरला होता. दोन मिनिटं बरीच लांब असतात.

मग माणिकरावांनी निवडक उतारा वाचायचा होता. मी त्यांच्यासाठी शाळेच्या प्रकरणात खूण घालून ठेवली होती. त्यांनी ती खूण काढून खिशात ठेवली आणि सातवं प्रकरण उघडलं. मास्तरांचा आवाज, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. सायकल आली, मोताळा आलं, पेन आला, लोक हसले. कै. जिथं जिथं होतं तिथं त्यांनी छापल्याबरहुकूम कैलासवासी म्हटलं. शेवटच्या पानावर आले आणि थांबले. चष्मा पुसला. पान मागं उलटलं, पुन्हा पुढं उलटलं.

“पुढं वाच,” पहिल्या रांगेतून आवाज आला.

“‘धुऱ्याचा दगड बाभळीच्या अलीकडे होता,’” माणिकरावांनी वाचलं. “‘बाभूळ दादांची होती.’” आणि पुढचं वाचता येईना. मग त्यांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं.

“दादा,” ते म्हणाले, “दगड म्या सरकोला होता. तुले चोर म्हनलं म्या. चोर मी होतो.”

भगवानराव बसल्या जागेवरून म्हणाले, “मले मालूम हाय.”

“म्हंजे काय, पुस्तकात वाचलं म्हनून...”

“पुस्तकाचं काय घेऊन बसला बे. त्याच दिवशी पाह्यलं होतं. दगडाभवतीची माती ओली होती, ताजी उकरलेली.”

माणिकराव व्यासपीठाच्या कडेपर्यंत आले. माइक हातातच होता. “मंग पंचापुढं बोलला काऊन नाही तू? इतके वर्सं बोलला काऊन नाही?”

“तू सांगशीन म्हनून थांबलो होतो,” भगवानराव म्हणाले.